होडीत बाईचा वाटा किती?

(किनारपट्टीवरच्या स्त्रियांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मालमत्तेच्या हक्काबद्दल बोलायला उभं राहिलं की आपण जमिनीबद्दल बोलतो, घराबद्दल बोलतो. ते बरोबरच आहे. पण इथे बसलेल्या कितीतरी जणींच्या घरी सातबाऱ्यावर चार गुंठेसुद्धा नाहीत. काहींचं तर राहतं घरही दुसऱ्याच्या जागेत आहे. अशा घरात मालमत्ता म्हणावी अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे होडी. तिच्यावर घर चालतं, तिच्याकडे बघून उसनवारी मिळते, तिच्याकडे बघून सोयरीक जुळते. म्हणून मी आज होडीबद्दल बोलणार आहे. होडी समुद्रात कशी हाकायची हे सांगायला गावात पुष्कळ बाप्ये आहेत. होडी घरात कशी तयार होते, तिला कोणाकोणाचे हात लागतात आणि शेवटी कागदावर नाव कोणाचं चढतं, एवढंच मला सांगायचं आहे.

मी लग्न होऊन मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत आले. तिथे १९९७ सालच्या दिवाळीनंतर आमच्या खळ्यात एक लाकडी होडी बांधली गेली. बावीस फुटांची, मागे मशीन लावायची. घरात आम्ही दोघं, धाकटा दीर, धाकटी जाऊ, सासूबाई आणि तीन मुलं. मिस्त्री शेजारच्या गावचा, त्याच्याबरोबर दोन हाताखालची माणसं. बाकी मदतीला वाडीतले शेजारी आणि दिराचे दोस्त. शेतात इर्जिक करतात तसंच हे काम. आज तुझ्या होडीला मी, उद्या माझ्या होडीला तू.

खळ्यातला कारखाना

होडीला एकच लाकूड चालत नाही. फळ्यांना सरळ आणि पाण्याला टिकणारं लाकूड हवं, म्हणून साग. साग झेपला नाही तर फणस. स्वतःच्या परड्यातलं सागाचं झाड तोडायचं तरी सरकारी परवानगी लागते, त्यामुळे लाकडाच्या आधी कागद गोळा करावे लागतात. फासळ्यांना मात्र सरळ लाकूड उपयोगाचं नाही. सरळ फळीतून वाकडा तुकडा कापला तर लाकडाच्या रेषा मधेच तुटतात आणि लाटेचा मार बसला की तो तुकडा तिथेच मोडतो. म्हणून झाडाची मुळात वाकडी वाढलेली फांदी शोधायची. बाभळीची, नाहीतर उंडीची. आमच्या होडीच्या बऱ्याचशा फासळ्या परसातल्या उंडीच्या आहेत. ती उंडी सासूबाईंनी लग्नानंतर दोन वर्षांनी लावलेली. कोणती फांदी कुठे वळली आहे हे मिस्त्रीला त्यांनीच दाखवलं. त्या झाडाच्या बिया त्या दरवर्षी गोळा करून वाळवायच्या, त्याचं कडू तेल काढून आणायच्या. तेच तेल पुढे होडीला लागलं.

मिस्त्रीने कागदावर नकाशा काढला नाही. दोरी, ओळंबा आणि डोळा, एवढ्यावर काम. पहिल्यांदा पठाण बसवला, म्हणजे होडीचा कणा. नारळ फुटला, गूळखोबरं वाटलं. आणि त्याच दिवशी आम्हांला सांगण्यात आलं की बायांनी आता पठाण ओलांडायचा नाही. खळ्यातून विहिरीकडे जायची वाट तिथूनच होती. पुढचे तीन महिने आम्ही दोघी जावा भरल्या कळशा घेऊन गोठ्याला वळसा घालून येत होतो. मैत्रिणींनो, ही गोष्ट लहान दिसते. पण मालकी कशी तयार होते ते इथे दिसतं. ज्या वस्तूवरून तुम्हांला पाऊल टाकायची मनाई आहे, ती आपली आहे असं मनात तरी कसं येणार?

मग फळ्या. बावीस फुटांच्या होडीची फळी जागेवर बसताना नाळीकडे वळवावी लागते. सुकी फळी वळवायला गेलात तर कडकन फुटते. तिला पाण्याने भिजवायची, खालून जाळ द्यायचा, टोकाला वजन बांधायचं आणि हळूहळू वाकू द्यायची. जाळ मोठा झाला की फळी करपते, कमी झाला की ती ऐकत नाही. तो जाळ कोण राखत होतं? आम्ही दोघी. सोडणं आणि झावळ्या लावून एका सारखा विस्तव ठेवायचा, मधेमधे ओलं फडकं फिरवायचं. भाकऱ्या भाजणाऱ्या बाईला विस्तवाची जेवढी समज असते तेवढी कोणाला असणार? मिस्त्री स्वतः म्हणायचा की वहिनी जाळावर असली तर माझी फळी फुकट जात नाही. ‘माझी फळी’ हं. पण त्याची स्तुती खरी होती.

फळ्या खिळ्यांनी ठोकून झाल्या की सांध्यांचं काम. दोन फळ्यांमध्ये फट राहतेच. त्या फटीत कापसाच्या पिळलेल्या वाती तेलात भिजवून छिन्नी-हातोडीने ठासतात आणि वरून राळ आणि तेलाचा लगदा भरतात. लाकूड पाण्यात फुगतं, वात दाबली जाते आणि सांधा बंद होतो. आमच्या होडीला दोन्ही बाजूंना नऊ-नऊ फळ्या होत्या. सगळ्या सांध्यांची लांबी मिळून चारशे फुटांच्या आसपास. म्हणजे निदान चारशे फूट वात. ती मांडीवर वळली सासूबाईंनी, जावेने, मी आणि शेजारच्या चार बायांनी. दुपारची जेवणं उरकली की बसायचं. देवापुढच्या वाती वळणारे तेच हात. वात एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी बारीक अशी झाली तर तिथून पाणी येणार. बाप्ये भर समुद्रात कोरडे बसतात ते या वातींच्या भरवशावर.

नंतर होडी आतून पाण्याने भरून बघायची. बाहेर कुठे ओल दिसते तिथे खडूची खूण करायची. साठ-सत्तर कळशा विहिरीवरून आम्हीच आणल्या. आणि शेवटी तेलपाणी. समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसतो अळीसारखा, पण कूळ शिंपल्याचं. बारीक असताना आत शिरतो आणि आतल्या आत बोगदे करत वाढतो. बाहेरून फळी धड दिसते, बोट लावलं की आत जातं. त्याला आळा घालायला काजूच्या टरफलाचं तेल लावतात. काजूच्या कारखान्यात काम केलेल्या बायांना ते काय असतं हे मी वेगळं सांगायला नको. हाताला लागलं की कातडी सोलते. आम्ही काठीला चिंधी बांधून लावलं, तरी पंधरा दिवस बोटांनी भात कालवता येत नव्हता.

मशीन मागच्या सपाट पाटीला अडकवायचं होतं. ती पाटी जाड हवी आणि तिची उंची मोजून ठेवायला हवी. उंच झाली तर पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच गरगरतो, खाली गेली तर मशीन पाणी पितं. मशीन आधी पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायचं. रॉकेलच्या रांगेत कोण उभं राहत होतं ते तुम्ही ओळखलं असेलच.

जेवणाची वही

आता हिशेब. माझी धाकटी जाऊ सातवीपर्यंत शिकलेली. तिने मुलाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर रोज कोण जेवायला होतं ते लिहून ठेवलं. हेतू एवढाच की वाण्याच्या उधारीचा ताळा लागावा. काम चाललं ८३ दिवस. रोज सरासरी पाच बाहेरची आणि कामावरची माणसं, दोन वेळचं जेवण. म्हणजे ८३० पानं. शिवाय दिवसातून तीन वेळा चहा. मिस्त्रीची मजुरी, लाकडाची किंमत, खिळे, राळ, कापूस या सगळ्याचा खर्च माझ्या नवऱ्याच्या डायरीत होता. पण ८३० पानांचा खर्च त्यात नव्हता. वातींचा नव्हता, पाण्याचा नव्हता, जाळाचा नव्हता. उंडीच्या फांद्यांची किंमत शून्य, कारण त्या ‘घरच्या’.

१९८८ साली ‘श्रमशक्ती’ नावाचा एक राष्ट्रीय अहवाल आला. इलाबेन भट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने तो तयार केला होता. असंघटित क्षेत्रातल्या बायांचं किती काम कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही हे त्यात मांडलेलं आहे. आपण शिबिरांमध्ये तो अहवाल वाचला, त्यावर बोललो. जावेची ती वही म्हणजे आमच्या खळ्यातला ‘श्रमशक्ती’ अहवालच होता.

आणि सोनं. लाकडी होडी खळ्यात बांधता येते, मशीन बांधता येत नाही. ते रोख पैसे मोजून आणावं लागतं. माझं गंठण गहाण पडलं, ते दोन वर्षांनी सुटलं. जावेच्या दोन पाटल्या विकल्या, त्या परत कधी आल्या नाहीत. पाटल्या तिच्या बापाने घातलेल्या.

नोंदणीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मालकाच्या रकान्यात माझ्या नवऱ्याचं नाव गेलं. थोरला म्हणून. भांडण झालं नाही, चर्चासुद्धा झाली नाही. ‘नाव कोणाचंही असो, घर एकच ना?’ या एका वाक्यात विषय संपला.

होडीला वाटा, बाईला नाही

इथे आपल्या वाट्यांच्या पद्धतीकडे बघा. मासळी विकून आली की आधी रॉकेलाचा, बर्फाचा खर्च बाजूला काढतात. उरलेल्याचे वाटे करतात. होडीचा वाटा, मशीनचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि जे माणसं समुद्रात गेली त्यांचे वाटे. होडीचा मालक त्या दिवशी तापाने घरी झोपलेला असला तरी होडीचा वाटा त्याच्या घरी येतो. लाकडाला वाटा आहे, लोखंडाला वाटा आहे, सुताला वाटा आहे. त्या लाकडात जिच्या वाती आहेत, त्या लोखंडात जिच्या पाटल्या आहेत आणि जी ते जाळं शिवते, तिचा वाटा काढायची पद्धत नाही.

सगळं सुरळीत असतं तोवर हे टोचत नाही. २००३ साली माझा धाकटा दीर काविळीने गेला. जाऊ तेव्हा तिशीचीही नव्हती. दोन मुलं लहान. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. त्याप्रमाणे विधवा ही नवऱ्याच्या मालमत्तेची पहिल्या वर्गाची वारस. कायदा तिच्या बाजूचा. पण नवऱ्याच्या नावावर होतं काय? कागदावर होडी माझ्या नवऱ्याची. दीर त्या होडीवर सहा वर्षं राबला तो कागदाच्या हिशेबी खलाशी म्हणून. खलाशी गेला की त्याचा वाटा बंद. म्हणजे जावेच्या वाट्याला काहीच नाही.

माझा नवरा वाईट माणूस नाही. त्याने तिला उपाशी ठेवलं नाही. होडी लागली की चार मासे तिच्या दारात जायचे, मुलांच्या वह्या-पुस्तकांना पैसे जायचे. गावात त्याचं कौतुक व्हायचं की बघा, भावजयीला कसा सांभाळतो. पण हात पसरल्यावर मिळतं ते दान, आणि हात न पसरता येतं तो वाटा. एका संध्याकाळी मासे घेऊन गेलेल्या मुलाला तिने परत पाठवलं आणि स्वतः आमच्या पडवीत येऊन उभी राहिली. माझ्या नवऱ्याला म्हणाली, “भावोजी, माझी पाटली खयच्या फळयेत आसा, ता माका दाखवा.” माझी पाटली कुठल्या फळीत आहे ते मला दाखवा.

आता मी कोणत्या बाजूला उभी राहणार होते? होडी माझ्या नवऱ्याच्या नावावर होती. उद्या ती माझ्या मुलांची होणार होती. व्यवस्थेचा फायदा माझ्याच घरात येत होता. स्त्रीमुक्तीची गाणी शिबिरात म्हणणं सोपं असतं. आपल्या ताटातलं अर्धं जेव्हा दुसऱ्या बाईचं असतं तेव्हा ते कठीण जातं. मी जावेच्या बाजूला उभी राहिले. त्याचं कारण मोठेपणा नव्हे. माझा नवरा आधी गेला असता आणि नाव दिराचं असतं, तर पडवीत मी उभी असते, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

पुढचे सात-आठ महिने घरात बोलणं कमी झालं. ‘बाहेरच्या बायांचं ऐकून घर फोडतेस’ हे मी ऐकलं, जावेने याहून वाईट ऐकलं. शेवटी वाडीतल्या ज्या बायांनी वाती वळल्या होत्या त्या, गावचे चार जाणते आणि मिस्त्री यांच्यासमोर बैठक झाली. जावेने वही काढली. पाटल्या विकल्याची सोनाराची चिठ्ठी तिने त्याच वहीत ठेवली होती. मिस्त्रीने सांगितलं, होय, मशीनचे पैसे पाटल्यांतून आले हे मला ठाऊक आहे. ठरलं असं की होडीच्या वाट्यातला अर्धा आणि मशीनच्या वाट्यातला अर्धा दर खेपेला जावेच्या घरी जाईल, मुलं मोठी होईपर्यंत नव्हे तर होडी चालेल तोपर्यंत. स्टॅम्पपेपरवर लिहून सह्या झाल्या. तीन वर्षांनी जुनं मशीन थकलं, तेव्हा नव्या मशीनची पावती जावेच्या नावाने घेतली. तिला सगळं मिळालं असं मी म्हणणार नाही. नोंदणीत अजून तिचं नाव नाही. पण वाट्याच्या दिवशी ती दारात वाट बघत बसत नाही, किनाऱ्यावर येऊन मोजून घेते.

‘नावात काय आहे?’

आपल्याला नेहमी सांगितलं जातं की नावात काय आहे. नावात काय आहे ते संकटाच्या दिवशी कळतं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं. ३ जून २०२० ला निसर्ग आलं. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. दर वेळी आपल्या किनाऱ्यावर होड्या फुटल्या. पंचनाम्याला माणसं आली की पहिला प्रश्न: मालक कोण? भरपाई कागदावरच्या मालकाच्या नावाने निघते. हाताखाली खलाशी म्हणून गेलेला भाऊ, पाटल्या घातलेली बाई, यांना विचारायचा रकानाच फॉर्मवर नसतो.

याहून अवघड गोष्ट म्हणजे माणूस समुद्रात बेपत्ता होणं. मयत सापडली नाही, तर मृत्यू झाला असं गृहीत धरायला कायद्याने सात वर्षांची मुदत सांगितली आहे. होडी त्या बेपत्ता माणसाच्या एकट्याच्या नावावर असली तर ती बाई ना धड सधवा ना विधवा, आणि किनाऱ्यावर उभी असलेली होडी तिला विकता येत नाही की नावावर करता येत नाही. दोघांची नावं असती तर निदान तिची सही चालली असती.

सोन्याबद्दलही कायदा काय म्हणतो ते लक्षात ठेवा. प्रतिभा राणी यांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन हे बायकोच्या एकटीच्या मालकीचं आहे, ते सासरी ठेवलं म्हणून नवऱ्याचं होत नाही. २०२४ सालच्या एप्रिल महिन्यात त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर आहे. म्हणजे आपल्या पाटल्या मशीनमध्ये जातात तेव्हा त्या ‘घरात’ जात नाहीत, त्या आपण घराला दिलेल्या असतात. देणं आणि विरघळून जाणं यात फरक आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती मैत्रिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत. मुस्लिम कायद्यात मूल असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेचा आठवा हिस्सा आहे. पण कुठल्याही धर्माची बाई असो, नवऱ्याच्या नावावरच काही नसेल तर कशाचा हिस्सा मागणार?

कोणी म्हणेल, हे घराघरांत भांडणं लावणं आहे. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन घेतलं, आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. त्या गावांतले संसार काही मोडले नाहीत. २००३ साली ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीला नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचा सरकारी निर्णय झाला. त्यानेही घरं पडली नाहीत. जमिनीला जमलं, घराला जमलं, मग होडीलाच का जमू नये? मालकाच्या रकान्यात पुरुषाचंच नाव हवं असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. ते आपल्या डोक्यात लिहिलेलं आहे.

‘बाई कुठे समुद्रात जाते?’ असाही प्रश्न येतो. केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या के. सी. रेखा नवऱ्याबरोबर खोल समुद्रात मासेमारी करतात. तसा परवाना मिळालेली देशातली पहिली स्त्री म्हणून २०१७ साली कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांचा सत्कार केला. आपल्या वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचतगटाच्या बायांनी स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवायचा व्यवसाय उभा केला. पण मी आणखी एक गोष्ट विचारते. समुद्रात गेल्याशिवाय मालकी नाही असा नियम असेल, तर दुसऱ्याला होडी चालवायला देऊन घरी बसलेल्या पुरुष मालकाला कोणी कधी विचारलं का, की तू समुद्रात जातोस का?

लाकूड गेलं, पाटली जातेच आहे

आज आपल्या खळ्यांत लाकडी होड्या फारशा बांधल्या जात नाहीत. लाकूड महाग झालं, जुने मिस्त्री गेले, त्यांच्या मुलांनी दुसरी कामं धरली. दरवर्षी सांधे भरा, तेल लावा, किडा बघा, ही कटकट फायबरच्या होडीला कमी. ती साच्यातून निघते आणि टेम्पोत चढून येते. मला जुन्या दिवसांचे उमाळे काढायचे नाहीत. काजूच्या तेलाने सोललेली बोटं मला परत नको आहेत. पण या बदलात आपलं काय झालं ते बघू या.

खळ्यात होडी बांधली जायची तेव्हा बाईचं काम निदान चार लोकांना दिसत होतं. मिस्त्री साक्ष देऊ शकला कारण त्याने जाळ राखताना आम्हांला पाहिलं होतं. तयार होडीत बाईचे श्रम नाहीत, फक्त पैसा आहे, आणि पैशावर कोणाचं बोट उमटत नाही. त्यात आता नवीन गोष्ट अशी की पैसा पुष्कळदा बचतगटाच्या कर्जातून येतो. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईच्या टोपलीतून, आणि होडी बाप्याच्या नावावर. हप्ता चुकला तर गटात मान खाली बाईची.

दुसरी नवीन गोष्ट सरकारी योजनांची. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के मदत ठेवली आणि स्त्रियांना ६० टक्के. चांगली गोष्ट आहे. पण अशी योजना आली की घरच्यांना बाईचं नाव एकदम आठवतं. फॉर्मवर तिचा फोटो लागतो, तिची सही होते, आणि पासबुक दुसऱ्याच्या खिशात राहतं. म्हणजे एके ठिकाणी बाईची मेहनत आहे आणि नाव नाही, दुसऱ्या ठिकाणी नाव आहे आणि ताबा नाही. आपल्याला नाव आणि ताबा दोन्ही हवं आहे.

आपण काय करू शकतो?

घरी जाऊन लगेच करता येतील अशा पाच गोष्टी सांगते.

एक. वही ठेवा. होडी, जाळं, मशीन, दुरुस्ती, कशातही तुमचा पैसा, सोनं किंवा दिवस गेले तर तारीख घालून लिहा. वाण्याच्या हिशेबासाठी लिहिलेली वही उद्या पुरावा होते.

दोन. सोनं गहाण टाकताना किंवा विकताना चिठ्ठी तुमच्या नावाने घ्या आणि तुमच्याकडेच ठेवा.

तीन. होडीची नोंदणी बदलणं लांबत असेल तर निदान नव्या मशीनची, नव्या जाळ्याची पावती तुमच्या नावाने करा. वाट्यांच्या पद्धतीत मशीन आणि जाळं यांचा वाटा वेगळा असतो हे विसरू नका. तिथून सुरुवात होते.

चार. नवी होडी घेताना अर्ज भरायच्या आधी नावाचा विषय काढा. अर्ज भरून झाल्यावर तो विषय भांडणाचा होतो, आधी काढला तर बोलण्याचा राहतो. भाऊ-भाऊ मिळून होडी घेत असतील तर दोघांचीही नावं आणि दोघांच्या बायकांचीही.

पाच. तुमच्या बचतगटाने ठराव करावा की होडीसाठी कर्ज घेतलं जाईल तेव्हा कर्ज घेणाऱ्या बाईचं नाव मालकीत असलं पाहिजे. नाव नाही तर कर्ज नाही. कोणी नवरा ऐकत नसेल तर त्याला गटाचं नाव सांगा. एकटीला जे बोलता येत नाही ते दहाजणींना बोलता येतं.

आणि एक गोष्ट आपल्याला सगळ्यांना मिळून सरकारकडे मागायची आहे. पंचनाम्याच्या आणि भरपाईच्या फॉर्मवर मालकाबरोबर त्याच्या बायकोचं नाव आणि खलाशांची नावं यांचे रकाने असावेत. बेपत्ता मच्छीमाराच्या बायकोला सात वर्षं थांबवून न ठेवता होडी चालवायची परवानगी मिळावी. आज मेळावा संपताना या मागण्यांचं निवेदन सह्यांसाठी फिरेल. सही करताना सासरचं आडनाव लावायचं की माहेरचं, हे ज्याचं त्याने ठरवा. पण अंगठा नको, सही करा. जिला येत नाही तिला शेजारणीने आत्ता इथेच शिकवा, अजून जेवणाला अर्धा तास आहे.